शांततेचा सिनेमा आणि पावणेपाचचा गजर

१९८४ साली फिलिप ग्रोनिंग नावाच्या एका तरुण जर्मन दिग्दर्शकानं फ्रान्समधल्या आल्प्सच्या डोंगरातल्या एका कॅथलिक मठाला विचारलं, तुमच्या जगण्यावर सिनेमा करू का? मठानं कळवलं, आत्ता नको, अजून वेळ आलेली नाही. साधारण सोळा वर्षांनी मठाकडून निरोप आला, की अजून इच्छा असेल तर या.

दोन निळ्या टिका दिसूनही उत्तर आलं नाही की ज्यांची अर्ध्या तासात घालमेल सुरू होते, त्या आपल्यासारख्यांना एवढी गोष्ट सांगितली तरी सिनेमा अर्धा आवडून जातो. माझ्या ओळखीतल्या तिघाचौघांनी ‘इन्टू ग्रेट सायलेन्स’ (२००५) याच गोष्टीपायी बघायला घेतला. एकानं तो मोबाइलवर, इअरफोन लावून, विरार लोकलमध्ये तीन हप्त्यांत संपवला आणि मला मेसेज केला, ‘मन एकदम शांत झालं यार.’

या वाक्याशी माझं भांडण आहे. सिनेमाशी थोडं, पण या वाक्याशी जास्त. कारण मी राहते बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत, मंडपेश्वरच्या लेण्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथं चारेकशे वर्षांपूर्वी असाच एक मठ होता. शिवाय माझी सख्खी मोठी मावशी गेली चाळीसहून अधिक वर्षं व्रतस्थ सिस्टर आहे आणि सध्या अंधेरीतल्या एका कॉन्व्हेंटमध्ये राहते. मठातली प्रार्थना माझ्यासाठी पर्यटनाचं ठिकाण नाही, ती घरातली गोष्ट आहे. त्यामुळे पडद्यावर ती सुंदर दिसली की मला आनंद होतो आणि लगेच शंकाही येते.

कॅमेऱ्याला काय जमलं

आधी श्रेय द्यायला हवं. ग्रोनिंग एकटा गेला. सोबत युनिट नाही, लाइट नाहीत. कार्थुजियन पंथाच्या ग्राँद शार्त्रूझ या मुख्य मठात तो काही महिने राहिला, त्यांच्या दिनक्रमात मिसळला आणि मधल्या वेळात चित्रीकरण केलं. या पंथाची सुरुवात संत ब्रूनो यांनी १०८४ मध्ये याच डोंगरात केली. सिनेमा जवळजवळ पावणेतीन तासांचा आहे. निवेदन नाही, वरून चढवलेलं पार्श्वसंगीत नाही, मुलाखती जवळपास नाहीतच. एक म्हातारा, अंध संन्यासी शेवटाकडे थोडं बोलतो. आपलं आंधळेपण आपल्या भल्यासाठीच आहे आणि मरणाची भीती बाळगण्याचं कारण नाही, असं तो इतक्या सहज सांगतो की आपण चपापतो. बाकी आहे ते सगळं काम. कुणी कापड बेततो, कुणी लाकूड फोडतो, कुणी मांजरांना हाका मारत खाऊ घालतो, कुणी दुसऱ्याचे केस मशिननं उतरवतो. खोलीच्या दाराशेजारच्या छोट्या खिडकीतून जेवणाचा डबा आत सरकवला जातो. छपरावरचा बर्फ वितळून ठिबकतो.

मधूनमधून बायबलमधल्या ओळींच्या पाट्या येतात. त्याच त्याच पाट्या पुन्हा येतात. पहिल्यांदा आपण वाचतो, दुसऱ्यांदा वैतागतो, चौथ्या-पाचव्यांदा वाचणं सोडून नुसते बघतो. मला वाटतं, या सिनेमाची सगळ्यांत हुशार गोष्ट हीच आहे. नामस्मरणात जे होतं ते तो प्रेक्षकावर करून दाखवतो. ज्यांनी घरी आजीबरोबर हरिपाठ किंवा जपमाळ म्हटली आहे, त्यांना हे लगेच कळेल. अर्थाकडे लक्ष नसतानाही शब्द आपलं काम करत राहतात.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे चेहरे. एकेक संन्यासी समोर उभा राहून काही क्षण कॅमेऱ्याकडे नुसता बघतो. हसायचं का, हात कुठं ठेवायचे, त्याला कळत नाही. सेल्फीच्या जमान्यात कॅमेऱ्यासमोर चेहरा कसा करायचा हे आपल्याला झोपेतही येतं. ते न येणारी माणसं बघणं हा एक अनुभव आहे.

इथपर्यंत मी ग्रोनिंगच्या बाजूची आहे.

वेळ कुठं गेली?

आता तक्रार. पावणेतीन तास बघूनही या माणसांचा दिवस नेमका कसा असतो, हे सिनेमातून कळत नाही. ऋतू कळतात, प्रकाश कळतो, घड्याळ कळत नाही. ग्रोनिंगनं हे ठरवून केलं आहे, त्याला वेळ विरघळवायची आहे. पण मठातल्या जगण्यात वेळ विरघळत नाही. तिथं वेळ आपल्याइतकीच, किंबहुना आपल्याहून कडक असते.

कार्थुजियन संन्यासी संध्याकाळी लवकर झोपतो. मध्यरात्रीच्या आधी उठतो, अंधारात चर्चमध्ये जातो आणि तिथं दोन-तीन तास स्तोत्रं गायली जातात. मग पुन्हा झोप, आणि सकाळी पुन्हा उठणं. झोपेचे दोन तुकडे, रोज, मरेपर्यंत. दिवसातून तीनदाच चर्चमध्ये एकत्र यायचं. बाकीच्या प्रार्थना आपापल्या खोलीत, पण घंटा झाली की सगळ्यांनी एकाच वेळी. मांस कधीच नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून ईस्टरपर्यंत दिवसातून एकच पुरेसं जेवण. आठवड्यातून एकदा सगळे मिळून लांब फिरायला जातात, तेव्हा मोकळेपणी बोलायची मुभा.

मराठी वाचकाला यातलं काही परकं वाटू नये. पंढरपुरात काकड्यापासून शेजारतीपर्यंत देवाचा दिवस पहारांत वाटलेला असतो. कॅथलिक मठांतही तेच आहे: पहाटवंदना, दिवसातल्या मधल्या घटिकांच्या छोट्या प्रार्थना, सायंप्रार्थना आणि झोपण्याआधीची शेवटची प्रार्थना. यांचा गाभा म्हणजे बायबलमधली दीडशे स्तोत्रं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी घालून दिलेल्या नियमात ही दीडशेच्या दीडशे दर आठवड्याला पूर्ण करायची असत. आता बहुतेक ठिकाणी चार आठवड्यांचं चक्र चालतं. म्हणायची पद्धतही ओळखीची आहे. समोरासमोर दोन रांगा, एक ओळ या बाजूनं, एक त्या बाजूनं. वारकरी भजनात टाळकरी जसे समोरासमोर उभे राहतात, तसंच.

मुद्दा हा, की या प्रार्थनेत मूडला जागा नाही. मावशी म्हणते तसं, ‘मन लागलं तर बरं, नाही लागलं तरी पुस्तक उघडायचंच.’ आपल्या ओळखीची उपमा द्यायची तर ती ध्यानाच्या ॲपसारखी नाही, ती ८.१२ च्या लोकलसारखी आहे. तुमच्या मनात आज काय चाललंय याची चौकशी लोकल करत नाही. रविवारी आजारी होतात म्हणून ती सोमवारी तुमच्यासाठी थांबत नाही. आणि म्हणूनच तिच्यावर विसंबता येतं. स्तोत्रांत राग आहे, सूडाची भाषा आहे, रडणं आहे, उन्माद आहे. तुम्ही आनंदात असताना तुमच्या तोंडी विलाप येतो, आणि घरी कुणी गेलेलं असताना स्तुती. तुमची भावना त्या दिवशी गौण असते. तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी वतीनं म्हणत असता.

ग्रोनिंगचा सिनेमा ही शिस्त बाजूला ठेवून तिचं फळ तेवढं दाखवतो, शांतपणा. म्हणून माझ्या मित्राला ‘मन शांत झालं’. त्या मठात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला एखाद्या फेब्रुवारीच्या रात्री साडेअकराला उठताना मन शांत वाटत असेल का? मला खात्री नाही. पण तो उठतो. सिनेमाचा विषय खरं तर तो उठतो हा आहे.

मावशीचं परीक्षण

मावशीला मी हा सिनेमा मागच्या वर्षी दाखवला. लॅपटॉपवर, तिच्या कॉन्व्हेंटच्या पार्लरमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत. बाहेर मेट्रोचं काम, शेजारच्या इमारतीत कुणाच्या तरी फरशीचं ड्रिलिंग. तिच्या संस्थेत पहाटे पावणेपाचला गजर होतो. अर्धा तास चिंतन, मग पहाटवंदना, मग मिस्सा. त्यानंतर ज्याची त्याची ड्युटी: शाळा, दवाखाना, वस्तीतल्या बायकांचा शिवणवर्ग. दुपारी जेवणाआधी पाच-दहा मिनिटं थांबून सकाळ कशी गेली ते तपासायचं. संध्याकाळी जपमाळ, सायंप्रार्थना, जेवण, थोडा वेळ एकत्र गप्पा, बातम्या, आणि रात्रीची प्रार्थना.

पहिला तासभर ती काही बोलली नाही. संन्यासी बर्फात घसरगुंडी खेळतात तिथं खळखळून हसली. जेवणाआधी हात धुण्याची जुनी रीत ठेवावी की सोडावी यावर ते फिरायला गेल्यावर गंभीरपणे चर्चा करतात, तिथं म्हणाली, ‘हे मात्र खरं हं. आमच्याकडे पंख्याच्या स्पीडवरून याहून मोठी मीटिंग झाली होती.’ आणि संपल्यावर तिनं दोनच प्रश्न विचारले. ‘अगं, यांच्यात भांडण कुठंय?’ आणि ‘यांच्या आया कुठं आहेत?’

मी बरीच परीक्षणं वाचली आहेत, पण या दोन प्रश्नांइतकं नेमकं मला कुठं मिळालं नाही.

भांडणाचा प्रश्न आधी घेऊ. मठातल्या जगण्यावरचं गेल्या दीडेकशे वर्षांतलं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक बहुधा लिझ्यूच्या संत तेरेजाचं आत्मकथन असेल. १८९७ मध्ये, चोविसाव्या वर्षी, क्षयानं ती गेली. पुढच्या वर्षी पुस्तक आलं. लोक त्यातली फुलं आणि गोडवा लक्षात ठेवतात. मला लक्षात राहतात ते त्यातले दोन साधे प्रसंग. एक, चिंतनाच्या वेळी मागे बसलेली एक सिस्टर सतत काहीतरी बारीक आवाज करते आणि तेरेजाला घाम फुटेपर्यंत राग येतो. दोन, कपडे धुताना समोरची सिस्टर तिच्या तोंडावर मळकं पाणी उडवत राहते. दोन्हीकडे ती वळून बघत नाही. तो आवाज हेच संगीत आहे असं समजून ऐकायला शिकते. पाण्याच्या शिंतोड्यांचंही तेच. संतपण म्हणून जे काही असतं ते तिनं इथं शोधलं, दर्शनांत आणि चमत्कारांत नाही.

सामुदायिक जीवनातलं हे खरं द्रव्य. चाळीत राहिलेल्याला ते समजावून सांगायला नको. न निवडलेल्या माणसांबरोबर आयुष्यभर एका टेबलावर जेवायचं, आणि त्यांच्याच आवाजात आपला आवाज मिसळून रोज गायचं. ग्रोनिंगच्या सिनेमात संन्यासी जवळजवळ नेहमी एकेकटे आहेत. काही अंशी ते बरोबर आहे, कार्थुजियन हे एकांतवासीच. पण ते बेसूर गाणाऱ्या शेजाऱ्याच्या शेजारी रोज रात्री उभेही राहतात. तो शेजारी सिनेमात नाही.

आता आयांचा प्रश्न. कार्थुजियन संन्याशाला घरचे लोक वर्षातून दोनच दिवस भेटू शकतात. सिनेमात घरचं माणूस मला दिसलं नाही. दोन नवे उमेदवार आत घेतले जातात, तो विधी सुंदर आहे. बंधू एकेक करून त्यांना जवळ घेतात. पण दाराच्या अलीकडे काय उरलं, याकडे कॅमेरा वळत नाही.

आमच्याकडे काय उरलं ते मी सांगू शकते. आईचं माहेर मरोळच्या गावठाणातलं. आम्ही ईस्ट इंडियन. मावशी घरात सगळ्यांत हुशार, एकोणिसाव्या वर्षी निघाली. आजोबा वर्षभर तिच्या पत्राला उत्तर देत नव्हते. घरात अजूनही कुणी दोन घोट घेतले की विषय निघतो, ‘एवढी हुशार पोर, वाया गेली.’ आजीनं मात्र मरेपर्यंत संध्याकाळची जपमाळ मावशीच्या वेळेला धरली. तिकडे ते सुरू करतात तेव्हा इकडे सुरू करायची. अंतर फार नव्हतं, पण भेट क्वचित व्हायची. आजीनं वेळ वाटून घेतली. मठातल्या घंटेचा हाही एक उपयोग. ती बाहेरच्यांनाही बांधते.

टेबलाभोवतीचा सिनेमा

हे सगळं पडद्यावर आणता येतंच नाही, असं नाही. झाव्हिए बोव्वा यांचा ‘ऑफ गॉड्स अँड मेन’ (२०१०, कान महोत्सवाचं ग्राँ प्री) हे त्याचं उदाहरण. अल्जीरियातल्या तिभिरीन गावातला छोटा ट्रॅपिस्ट मठ, आजूबाजूला सगळी मुस्लिम वस्ती, यादवी युद्ध चालू. १९९६ च्या मार्चमध्ये तिथल्या सात संन्याशांचं अपहरण झालं आणि मे महिन्यात त्यांच्या मृत्यूची बातमी आली. सिनेमा त्याआधीच्या काळाचा आहे. जायचं की राहायचं?

या सिनेमात भरपूर बोलणं आहे. म्हातारा डॉक्टर ब्रदर ल्यूक दिवसभर गावातल्या बायकापोरांना तपासतो, औषधं देतो, जोडे देतो, एका मुलीला प्रेमाबद्दल सल्लाही देतो. मठाचा प्रमुख क्रिस्तियान लष्कराचं संरक्षण परस्पर नाकारतो, तेव्हा बाकीचे त्याला सरळ सुनावतात, की आम्हाला न विचारता ठरवायला आम्ही तुला निवडलं नव्हतं. मग टेबलाभोवती एकेकाचं मत विचारलं जातं. एक म्हणतो जाऊ, एक म्हणतो राहू, एकाला भीती वाटते आणि तो ती लपवत नाही. आणि प्रत्येक बैठकीनंतर घंटा होते, ते पांढरे झगे घालतात आणि गातात. तेच आठ जण, मघाशी भांडलेले.

इथं प्रार्थनेचं काम दिसतं. ती भांडण मिटवत नाही. भांडण झालेल्या माणसांना पुन्हा एका सुरात उभं करते, आणि मग ते परत टेबलावर जातात, या वेळी थोडे वेगळे होऊन. लष्कराचं हेलिकॉप्टर चर्चच्या डोक्यावर घिरट्या घालतं तेव्हा ते एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आणखी मोठ्यानं गातात. शांतता तिथं नाहीच. आवाजाला आवाजानं उत्तर आहे.

या सिनेमातही खोट आहे. शेवटच्या रात्रीचं जेवण, टेपवर चायकोव्हस्कीचं ‘स्वान लेक’, प्रत्येक चेहऱ्यावर रेंगाळणारा कॅमेरा, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. तिथं दिग्दर्शकाला आपला विश्वास बसला नसेल अशी भीती वाटली असावी. तोपर्यंत साध्या प्रार्थनेनं जे मिळवलं होतं, ते संगीत पुन्हा विकत घेतं. पण मावशीचे दोन्ही प्रश्न या सिनेमाला लागू पडत नाहीत. भांडण आहे, आणि घरचीही आठवण आहे. घरच्यांपेक्षाही जास्त, शेजारी आहेत.

मंडपेश्वरची भिंत

शेजारी म्हटलं की मला माझ्या गल्लीकडे यावं लागतं.

मंडपेश्वरचं लेणं शैव आहे, सहाव्या शतकाच्या आसपासचं. आत नटराज आहे, शिवपार्वतीचा विवाह आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यात साष्टी पोर्तुगीजांकडे असताना फ्रान्सिसकन संन्यासी अंतोनियो दु पोर्तु यांनी इथं बस्तान बसवलं. लेण्याचं चर्च झालं. काही कोरीवकाम भिंतीआड गेलं. एका भिंतीवर मोठा क्रूस कोरला गेला, तो अजून आहे. लेण्याच्या माथ्यावर मठ आणि विद्यालय उभं राहिलं. पोर्तुगीज या टेकडीला पोयसर गावावरून माउंट पोइन्सूर म्हणत.

म्हणजे इथंही पहाटवंदना होती, सायंप्रार्थना होती, समोरासमोर दोन रांगा होत्या. लॅटिन स्तोत्रं दहिसर नदीच्या काठच्या पावसात गायली जात होती. भिंतीच्या पलीकडे नटराज होता, आणि गावकऱ्यांना तो तिथं आहे हे माहीत होतं. मग १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत साष्टी आणि वसई मराठ्यांकडे आली, मठ ओस पडला, छप्पर गेलं. आज वर बिनछपराच्या भिंती आहेत, खाली पुरातत्त्व खात्याची पाटी आणि महाशिवरात्रीची गर्दी. टेकडीवरच इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च आहे. विसाव्या शतकात तिथं पुन्हा फ्रान्सिसच्या परंपरेतले मिशनरी ब्रदर आले, त्यांची शाळा आणि संस्था आहेत.

मी या इतिहासाची मुलगी आहे, दोन्ही अर्थांनी. ज्यांनी भिंत बांधली त्यांच्या धर्माची, आणि ज्यांच्या देवापुढे ती बांधली गेली त्या मातीची. मला यातलं काही नाकारायचं नाही आणि कुणाचा हिशेबही चुकता करायचा नाही. पण एवढं नक्की, की मंडपेश्वरी उभं राहिल्यावर मला कुठल्याच मठाची शांतता आपोआप निष्पाप वाटत नाही. तिला इतिहास असतो. कुणीतरी कधीतरी गप्प झालेलं असतं.

आता ग्रोनिंगच्या मठाकडे परत बघा. सिनेमात ग्राँद शार्त्रूझ काळाबाहेरचं वाटतं, जणू १०८४ पासून तोच बर्फ पडतोय. प्रत्यक्षात फ्रेंच राज्यक्रांतीत तो मठ रिकामा केला गेला. १९०३ मध्ये सरकारनं संन्याशांना पुन्हा बाहेर काढलं, ते इटलीत गेले, आणि १९४० मध्ये परतले. आणि पैसा? या मठाचं पोट ‘शार्त्रूझ’ नावाच्या मद्यावर चालतं. १३० वनस्पतींचा गुप्त पाठ, जगभरच्या बारमध्ये मागणी. अलीकडे संन्याशांनी ठरवलं, की प्रार्थनेच्या जीवनावर ताण येऊ नये म्हणून उत्पादन वाढवायचं नाही. बाजार मागतोय, तरी नाही. खरं सांगा, हा किती मोठा प्रसंग आहे! धंदा की घंटा, हा मठाच्या दारात उभा असलेला खराखुरा प्रश्न, आणि त्यांनी त्याचं दिलेलं उत्तर. तो निर्णय सिनेमानंतरचा आहे, हे मान्य. पण मद्याचा धंदा तेव्हाही होताच, आणि सिनेमाच्या चौकटीत त्याला जागा मिळत नाही, कारण त्यानं बर्फावर डाग पडला असता.

मराठीतली सिस्टर

हा दोष फक्त एका जर्मन दिग्दर्शकाचा नाही. आपल्याकडे सिस्टर दिसते ती कशी? शाळेतली कडक सिस्टर, सिनेमातल्या हॉस्पिटलमधली प्रेमळ सिस्टर. झगा, क्रूस, फूटपट्टी. ती पहाटे उठून काय म्हणते, कुणाशी तिचं पटत नाही, तिला स्तोत्रांतलं कुठलं आवडतं, हे आपण विचारत नाही.

मराठीला हा विषय पेलणार नाही असंही नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज जेजुइट संन्याशानं ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत लिहिलं आणि ते १६१६ मध्ये छापलं गेलं. ते चर्चमध्ये गायलं जावं म्हणूनच लिहिलं होतं. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये धर्मांतरानंतरचं घर असं उभं केलं, की त्यातली भांडणं आणि स्वयंपाकघर आपल्याला भक्तीपेक्षाही जवळचं वाटतं, आणि भक्ती त्यातूनच खरी वाटायला लागते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तर २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. भाषा तयार आहे. आता एखाद्या कॉन्व्हेंटचा साधा एक दिवस, आतून, लक्ष्मीबाईंच्या नजरेनं, कुणीतरी लिहायला हवा. लवकर.

लवकर, कारण मावशीच्या कॉन्व्हेंटमध्ये ती गेली तेव्हा चौदा जणी होत्या. आता पाच आहेत, आणि सगळ्यांत धाकटी अठ्ठावन्न वर्षांची आहे. समोरासमोरच्या दोन रांगा आता तीन आणि दोन अशा बसतात. एकीला गुडघ्यामुळे उभं राहता येत नाही, एकीला ऐकू कमी येतं, त्यामुळे ती अर्धी ओळ मागे असते आणि बाकीच्या तिच्यासाठी थांबतात. बाहेर ड्रिलिंग. या प्रार्थनेवर कुणी सिनेमा काढणार नाही. ती फोटोत चांगली येत नाही.

‘वाया गेली’ या घरच्या शेऱ्याला माझ्याकडे आता उत्तर आहे, आणि ते मला या दोन सिनेमांच्या मधल्या जागेत सापडलं. बर्फातली, दूरची, देखणी प्रार्थना बघून ज्यांचं मन भरून येतं त्यांनाच अंधेरीतली ही पाच जणींची सायंप्रार्थना वाया गेल्यासारखी का वाटते? काम तेच आहे. त्याच दीडशे रचना, तीच घंटा, तेच दुसऱ्यांच्या वतीनं म्हणणं. फरक फक्त प्रकाशाचा आहे. एका आयुष्याची किंमत ते कॅमेऱ्यात कसं दिसतं यावर ठरवायची सवय आपल्याला रील्सनं लावली असं आपण म्हणतो. चांगल्या सिनेमांनीही थोडी लावली आहे.

मग ‘इन्टू ग्रेट सायलेन्स’ बघायचा का? नक्की बघा. एका बैठकीत बघा, हप्त्यांत नाही, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. कंटाळा येईल, तो येऊ द्या. कंटाळा हाच त्यातला सर्वांत प्रामाणिक भाग आहे. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी ‘ऑफ गॉड्स अँड मेन’ बघा, म्हणजे पहिल्यातली गाळलेली माणसं परत येतील. आणि कधी संध्याकाळी अंधेरीत, मुलुंडला, घाटकोपरला एखाद्या कॉन्व्हेंटच्या भिंतीजवळून जात असाल आणि आतून सुरात न लागलेलं काही ऐकू आलं, तर अर्धा मिनिट थांबा. त्यातली एक ओळ मागे असेल. बाकीच्या कशा थांबतात, तेवढं ऐका.